मोटारगाडीच्या दंतचक्र पेटीचे बलवर्धन

अधिक शक्तीच्या मोटारगाडीतील मूळची हस्तचालित दंतचक्र पेटी (गिअर बॉक्स) काढून तिच्या जागी जास्त भार सोसणारी पेटी बसविण्याची क्रिया. शर्यतीच्या व क्रीडा प्रकारच्या मोटारगाड्यांत ही क्रिया विशेषेकरून करण्यात येते. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या एंजिनाची शक्ती टर्बोभरक बसवून, सिलिंडरांचे घनफळ वाढवून किंवा मोठे एंजिन घालून वाढविता येते. परंतु ही वाढीव शक्ती चाकांपर्यंत नेणारी पेटी मूळच्या एंजिनाच्या बेताची असते. तिचे दाते तुटणे, धारवे (बेअरिंग) बसणे किंवा कवच तडकणे असे प्रकार मग घडू लागतात. पेटी बदलणे हा त्यावरील सरळ उपाय वाटतो. तथापि पेटी ही एंजिन, क्लच, चालक दंड, मागील आस व टायर या साखळीतील एक कडी आहे. तिच्यावर किती भार येतो हे तिच्या शेजारच्या कड्या ठरवितात. त्यामुळे पेटीचा बदल हा वस्तुतः साऱ्या साखळीचा फेरविचार असतो.

पेटीवर येणारे भार : एंजिनाच्या भुजादंडाला पीळ देणारे जे परिबल असते (यापुढे थोडक्यात ‘पीळ’) ते क्लचमार्गे पेटीच्या आदान दंडावर येते. तेथून एका दंतचक्र जोडीने ते खालच्या प्रतिदंडावर आणि प्रतिदंडावरून निवडलेल्या जोडीने वरच्या मुख्य दंडावर जाते. आधुनिक पेटीत सर्व जोड्या कायमच एकमेकींत गुंतलेल्या असतात व गिअर बदलताना फक्त त्यांपैकी एक मुख्य दंडाला जखडली जाते. जखडण्यापूर्वी दोहोंच्या फेऱ्यांची गती एक करण्याचे काम सिंक्रोमेशच्या शंक्वाकार कड्याने होते.

दोन दंतचक्रे भार वाहताना नुसतीच एकमेकांना फिरवीत नाहीत, तर एकमेकांना दूरही ढकलतात. समजा, ४० मिमी. त्रिज्येच्या दंतचक्रावर ५०० न्यूटन-मीटर पीळ आहे. दात्यावरील भार तेव्हा १२,५०० न्यूटन, म्हणजे सुमारे पावणेतेराशे किग्रॅ. वजनाइतका होतो. दात्यांचा दाबकोन नेहमीप्रमाणे २०° असेल, तर याच्या सुमारे ३६ टक्के म्हणजे साडेचार हजार न्यूटनांहून किंचित जास्त प्रेरणा दोन्ही दंडांना परस्परांपासून अलग करू पाहते. दंड वाकतात, धारवे दबतात, कवच ताणले जाते आणि दाते आपल्या पूर्ण रुंदीवर टेकण्याऐवजी कडेच्या थोड्याशा भागावर टेकू लागतात. सर्व भार त्या कडेवर एकवटतो व तेथूनच दात्याला तडा जाण्यास सुरुवात होते. दाता मुळात पोलादाच्या कमकुवतपणामुळे तुटला असे समजण्याची प्रथा आहे. पण पुष्कळदा खरा दोष दंडाच्या वाकण्यात किंवा कवचाच्या लवचिकपणात असतो. म्हणून केवळ ‘जास्त कठीण पोलादाची चक्रे’ त्याच जुन्या कवचात घालून मिळणारा लाभ मर्यादित राहतो.

सामर्थ्य कशात असते : पेटीचे आकारमान सांगणारे सर्वांत उपयुक्त माप म्हणजे मुख्य दंड व प्रतिदंड यांच्या मध्यरेषांतील अंतर. हे अंतर वाढले की त्याच गुणोत्तराची चक्रे मोठ्या त्रिज्येची करता येतात. पृष्ठभागावरील दाबाच्या दृष्टीने दंतचक्र जोडीची पीळ वाहण्याची क्षमता ढोबळ मानाने या अंतराच्या वर्गाच्या व दात्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते. उदा., अमेरिकेतील बोर्ग-वॉर्नर टी-५ या पाच गतींच्या पेटीत हे अंतर ७७ मिमी. आहे, तर त्याच घराण्यातील सहा गतींच्या टी-५६ पेटीत ८५ मिमी. आहे. फरक अवघा ८ मिमी.; पण दात्यांची रुंदी तीच धरली तरी क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी वाढते. जाड दंडाला जागा मिळते हा आणखी एक लाभ होय. दंडाचे वाकणे व्यासाच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात आणि दोन धारव्यांमधील अंतराच्या घनाच्या सम प्रमाणात असते. साहजिकच आखूड व जाड दंडांची पेटी लांब व बारीक दंडांच्या पेटीपेक्षा टिकाऊ ठरते. पेटीत गती वाढविल्या की दंड लांबतो, हा गतींच्या संख्येसाठी मोजावा लागणारा दाम आहे.

दात्यांच्या तिरकसपणाचा प्रश्न वेगळा आहे. तिरप्या (मळसूत्री) दात्यांत एकाच वेळी जास्त दाते गुंतलेले असतात व आवाज कमी होतो. परंतु दंडाच्या लांबीच्या दिशेने रेटा उत्पन्न होतो आणि तो धारव्यांना व कवचाला सोसावा लागतो. जनरल मोटर्सच्या मन्सी (इंडियाना) येथील कारखान्यात १९६० च्या दशकाच्या मध्यास तयार झालेल्या एम-२२ या चार गतींच्या पेटीत दात्यांचा कल नेहमीपेक्षा बराच कमी ठेवलेला होता. रेटा कमी झाला, पण पेटी घरघरू लागली. त्या आवाजावरूनच तिला ‘रॉक क्रशर’ म्हणजे खडीयंत्र असे टोपणनाव पडले. निव्वळ शर्यतीच्या पेट्यांत सरळ दाते असतात व सिंक्रोमेशऐवजी मोठे आडवे खुंट एकदम एकमेकांत अडकतात. त्या झटपट बदलतात, परंतु शहरातील रहदारीत त्यांचा आवाज व धक्के असह्य होतात आणि खुंटांच्या कडा झिजल्या की पेटी उघडावी लागते. रोजच्या वापराच्या गाडीत त्या घालणे हा हौसेचाच भाग म्हणावा लागेल.

दंतचक्रांसाठी निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रपोलादाचा उपयोग करतात. पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कठीण करतात व गाभा चिवट ठेवतात. दात्यांच्या मुळाशी बारीक छर्ऱ्यांचा मारा केल्यास तेथे दाबाचे ताण साठून राहतात व शिणवट्याने तडा जाण्यास विरोध होतो.

क्षमतेचे आकडे : उत्पादक प्रत्येक पेटीसाठी आदान पिळाची एक मर्यादा जाहीर करतात. हा आकडा म्हणजे पेटी मोडण्याची सीमा नव्हे. विशिष्ट वजनाच्या गाडीत, विशिष्ट प्रकारच्या वापरात व ठरावीक आयुष्य गृहीत धरून तो दिलेला असतो. रोलर धारव्याचे आयुष्य भाराच्या १०/३ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. भार पंचवीस टक्क्यांनी वाढला की आयुष्य निम्म्याहूनही कमी होते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मर्यादा ओलांडणारी एखादी गाडी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते, तर मर्यादेच्या आत असलेली दुसरी एका हंगामात पेटी फोडते.

काही उदाहरणे : फोर्ड जीटी ४० या गाडीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९६४ साली फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत फोर्डच्या तीन गाड्या उतरल्या. एक आगीमुळे बाद झाली, तर उरलेल्या दोन्ही गाड्यांच्या इटालियन बनावटीच्या कोलोत्ती पेट्या मोडल्या. पुढे या गाड्यांत जर्मनीतील झेडएफ कंपनीची पाच गतींची पेटी आली. त्यानंतर ७ लिटर घनफळाचे एंजिन बसविण्याचे ठरले तेव्हा फोर्डने आपल्या मोठ्या प्रवासी गाडीच्या पेटीतील दणकट दंतचक्रे घेऊन टी-४४ ही चारच गतींची पेटी बनविली. मोठ्या एंजिनाचा पीळ सर्व फेऱ्यांत भरपूर असल्याने एक गती कमी असून भागले. १९६६ साली या गाड्यांनी ल मां येथे पहिले तिन्ही क्रमांक मिळविले.

रस्त्यावरील गाड्यांत फोर्ड मस्टँगचे उदाहरण सर्वाधिक परिचित आहे. १९८३ पासून या गाडीच्या पाच लिटर, आठ सिलिंडरांच्या प्रकारात टी-५ पेटी येऊ लागली. तिचे कवच ॲल्युमिनियमचे व वजन अवघे ३४ किग्रॅ.च्या आसपास होते. तिची जाहीर मर्यादा प्रथम सुमारे ३६० न्यूटन-मीटर होती व १९९० पासून ती सुमारे ४०७ न्यूटन-मीटर करण्यात आली. गंमत अशी की, १९८७ पासूनच या एंजिनाचा कमाल पीळ ४०७ न्यूटन-मीटर होता. म्हणजे पेटीला मुळातच हातचे काही राखलेले नव्हते. एंजिनाची शक्ती थोडी वाढविली व चांगले टायर घातले की या पेटीचा तिसरा गिअर जाई, आणि त्यामुळे मस्टँगसाठी बदली पेट्यांचा एक व्यवसायच उभा राहिला. मेक्सिकोतील केरेतारो येथील ट्रेमेक कंपनीने १९९० च्या दशकात सुमारे ४७५ न्यूटन-मीटर क्षमतेची ३५५० ही पेटी आणली. १९९६ मध्ये तिने बोर्ग-वॉर्नरचा हलक्या हस्तचालित पेट्यांचा व्यवसायही विकत घेतला. नंतरची टीकेओ-६०० ही पेटी सुमारे ८१० न्यूटन-मीटर क्षमतेची होती.

तिसराच गिअर का : याचे उत्तर टायरांत आहे. मागील आसेवर ७५० किग्रॅ. वजन, टायरची त्रिज्या ३२ सेंमी., घर्षणगुणांक १ आणि आसेचे गुणोत्तर ३.५५ असे धरू. टायर घसरण्यापूर्वी चाकांना जास्तीत जास्त सुमारे २,३५० न्यूटन-मीटर पीळ देता येतो. तो आसेच्या गुणोत्तराने भागल्यास पेटीच्या प्रदान दंडावर ६६० न्यूटन-मीटर येतात. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.३५ असल्यास आदान बाजूला हे २०० न्यूटन-मीटरहून कमीच होतात. एंजिन ४०० देऊ शकत असले तरी टायर आधीच घसरतो व पेटी वाचते. तिसऱ्या गिअरमध्ये (गुणोत्तर सुमारे १.३) मात्र ही मर्यादा ५१० न्यूटन-मीटरवर जाते. टायर धरून ठेवतो आणि एंजिनाचा संपूर्ण पीळ दात्यांवर येतो. शिवाय ही जोडी धारव्यांपासून दूर, दंड जेथे जास्त वाकतो तेथे असते. वेग घेताना मागील आसेवरील भार वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षातील आकडे याहून मोठे असतात. पण क्रम हाच राहतो.

यावरून असे दिसून येते की, साधा टायर हा विजेच्या मंडलातील वितळतारेसारखे (फ्यूजसारखे) काम करीत असतो. शर्यतीचे चिकट टायर घातले की ही तार काढून टाकल्यासारखे होते. घसरणारा क्लच हीदेखील अशीच दुसरी तार होय. जास्त फेऱ्यांवर क्लच एकदम सोडल्यास एंजिनाच्या पिळात जड प्रचक्रात साठलेल्या ऊर्जेचा धक्का मिळतो व क्षणभर कितीतरी मोठा पीळ निर्माण होतो. पकड वाढविलेला क्लच तो जसाच्या तसा पेटीत पाठवितो. म्हणून दणकट क्लच, चिकट टायर व जुनी पेटी हे त्रिकूट सर्वांत धोक्याचे. उलट साध्या टायरांवर, माफक शक्तिवाढ केलेल्या व सांभाळून चालविलेल्या गाडीत पेटी बदलण्याचे बहुधा कारणच नसते. अशा ठिकाणी बदललेल्या पेट्यांची संख्या थोडी नाही.

गुणोत्तरांची निवड : दणकट पेट्यांत पहिल्या गिअरचे गुणोत्तर सामान्यतः कमी असते. मोठ्या गुणोत्तरासाठी प्रतिदंडावर फार लहान चक्र लागते व तेच कमकुवत ठरते. टी-५ मध्ये हे गुणोत्तर ३.३५, टीकेओ-६०० मध्ये २.८७, तर टी-५६ च्या प्रचलित प्रकारात २.६६ आहे. जुन्या आसेवर अशी पेटी बसविली तर गाडी जागची हलताना मंद वाटते व क्लच जळतो. याकरिता आसेचे गुणोत्तरही बदलावे लागते. मस्टँगच्या मूळच्या २.७३ आसेसह टी-५ चे एकूण गुणोत्तर ९.१५ होते. टी-५६ बरोबर ३.५५ ची आस घेतल्यास ते ९.४४ म्हणजे जवळजवळ तेवढेच राहते. वरच्या टोकाला टी-५ चा पाचवा गिअर (०.६८) १.८६ देतो, तर टी-५६ चा सहावा (०.५०) १.७८ देतो. हमरस्त्यावर एंजिन उलट थोडे कमीच फिरते. मात्र आसेचे गुणोत्तर वाढल्याने चालक दंडावरील पीळ त्याच प्रमाणात कमी होतो, हा लाभ सहसा लक्षात घेतला जात नाही.

बसविण्यातील अडचणी : येथे हलगर्जीपणा झाल्यास नवी महाग पेटी जुनीपेक्षा लवकर जाते. पहिला प्रश्न समाक्षतेचा. पेटी क्लचच्या कवचावर बसते व कवच एंजिनावर बसते. कवचाच्या भोकाचा मध्य भुजादंडाच्या अक्षावर नसेल तर आदान दंड प्रत्येक फेऱ्यात तिरपा ओढला जातो. भुजादंडावर तबकडीमापक बसवून तो भोकाच्या कडेने फिरवतात. काट्याचे एकूण विचलन ०.१२७ मिमी. (पाच सहस्रांश इंच) याच्या आत असावे लागते. ते जास्त असल्यास एंजिनावरील मार्गदर्शक खुंट्या काढून उत्केंद्री खुंट्या घालतात व कवच सरकवितात. तासा-दोन तासांचे हे काम अनेक कार्यशाळांत टाळले जाते. गिअर अडखळत पडणे, चौथ्यातून आपोआप निसटणे व पुढचा धारवा लवकर वाजू लागणे ही त्याची लक्षणे होत.

दंडांवरील खाचांची संख्या जुळणेही आवश्यक असते. टी-५ च्या आदान दंडावर १० व प्रदान दंडावर २८ खाचा आहेत. टीकेओ-६०० च्या प्रदान दंडावर त्या ३१ असतात, म्हणून चालक दंडाच्या टोकाचा सरकता जू नवा लागतो. पेटीची लांबी निराळी असल्यास चालक दंड कापून पुन्हा समतोल करावा लागतो. पेटीखालचा आडवा आधार, गिअरच्या दांड्याची जागा व वेगमापकाची जोडणी याही गोष्टी बदलतात. पेटीचे मागचे टोक वरखाली झाल्यास युनिव्हर्सल सांध्यांचे कोन बिघडतात. असा सांधा कोनात फिरताना प्रदान गतीत प्रत्येक फेऱ्यात दोनदा चढउतार उत्पन्न करतो. दोन्ही टोकांचे कोन समान असले तरच हे चढउतार परस्परांना छेदतात. अन्यथा गाडी ठरावीक वेगाला थरथरते व दोष पेटीवर येतो.

सर्व चाकांना गती देणाऱ्या गाडीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. सुबारू इंप्रेझा डब्ल्यूआरएक्स या गाडीच्या २००२ ते २००५ च्या अमेरिकी प्रकारात पाच गतींची पेटी असून तिचे कवच लांबीच्या दिशेने दोन अर्धांत विभागलेले आहे. शक्ती वाढविल्यावर तिच्या जागी त्याच कंपनीच्या एसटीआय प्रकारातील सहा गतींची पेटी घालण्याचा प्रघात आहे. जुन्या पेटीत पुढच्या चाकांचे अंतिम गुणोत्तर ३.९० आहे. मागे शक्ती नेणाऱ्या जोडीचे १.१ व मागील आसेचे ३.५४५ मिळून तितकेच, म्हणजे ३.९०, होते. नव्या पेटीत मागे नेणारी जोडी १ : १ आहे. म्हणून मागील आसही ३.९० चीच हवी. जुनी आस तशीच ठेवली तर मागची व पुढची चाके दहा टक्के निरनिराळ्या गतींनी फिरू पाहतात. कोरड्या रस्त्यावर चाके घसरू शकत नसल्याने हा सर्व फरक मधल्या डिफरन्शियलला सतत रिचवावा लागतो व तो थोडक्याच प्रवासात तापून निकामी होतो. एसटीआय गाडीची पेटी, मागील आस, चालक दंड व क्लचचे भाग एकत्रच घेण्याचे कारण हेच.

सुरक्षितता : वेगाने फिरणारी चक्रे किंवा प्रचक्र फुटल्यास त्याचे तुकडे चालकाच्या पायांच्या दिशेने येतात. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतपटू डॉन गार्लिट्स यांच्या पुढे एंजिन असलेल्या गाडीची पेटी मार्च १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील लायन्स येथील शर्यतीत फुटली व त्यांच्या उजव्या पावलाचा भाग तुटला. यानंतर त्यांनी एंजिन चालकाच्या मागे ठेवलेली गाडी बनविली. १९७१ पासून तिला मिळालेल्या यशामुळे या वर्गातील गाड्यांची रचनाच पालटली. शर्यतीसाठी शक्ती वाढविलेल्या गाडीत क्लचचे कवच पोलादी व प्रमाणित असावे, हा आग्रह अशाच अपघातांतून आला. रस्त्यावरील गाड्यांत ॲल्युमिनियमचे मूळ कवच तसेच ठेवून एंजिनाचे फेरे वाढविण्याची चाल मात्र अद्याप दिसते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. पेटीबरोबर एंजिनही बदलल्यास ही बाब उपस्थित होते.

वंगण व प्रारंभीचा वापर : सिंक्रोमेशच्या कड्यांचे अस्तर व वंगण यांचा मेळ असावा लागतो. टी-५ च्या सुधारित प्रकारात तंतुमय अस्तराची कडी असल्याने त्यात स्वयंचलित पेटीसाठीचे पातळ तेल घालतात. जाड दंतचक्र-तेल घातल्यास थंडीत गिअर पडत नाहीत. मागील आसेसाठी असलेल्या तेलातील गंधक व फॉस्फरसयुक्त समावेशके पितळी कड्यांना खातात, म्हणून ते पेटीत वापरू नये. नव्या पेटीवर पहिले सुमारे ८०० किमी. संपूर्ण भार टाकत नाहीत. या अवधीत कड्यांचे शंकू परस्परांवर बसतात व दात्यांचे पृष्ठभाग गुळगुळीत होतात. त्यानंतर तेल काढून तळाच्या बुचावरील चुंबकाला चिकटलेला कीस पाहतात. राखाडी, मऊ लेप नेहमीचा असतो. चकचकीत कण किंवा कपच्या आढळल्यास पेटी उघडून प्रथम समाक्षता पुन्हा मोजतात.